पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर : दुःखातून उभ्या राहिलेल्या सूनबाई



आपल्या सोलापूरच्या विद्यापीठाला 2019 पासून अहिल्यादेवींचे नाव आहे. पंढरपूरला चंद्रभागेकाठी होळकर वाडाही आपण पाहतो. घाट, विहिरी, मंदिरे एवढे मुलांना पाठ असते. पण त्याआधीची तरुण अहिल्या आपण त्यांना सांगतो का? आज तिच्याविषयी थोडेसे.

अहिल्यादेवींचा जन्म 31 मे 1725 रोजी चौंडी येथे माणकोजी शिंदे यांच्या घरी झाला. लहानपणीच लग्न होऊन त्या होळकरांच्या घरी आल्या. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव तोफेच्या गोळ्याने मारले गेले. तेव्हा त्यांनी वयाची तिशीही गाठली नव्हती. पदरी मालेराव आणि मुक्ताबाई ही दोन मुलं. तरीही त्या सती जायला निघाल्या. सासरे मल्हारराव यांनी त्यांना अडवले.

इथे जरा थांबा. अडवलं, पण पुढे काय? मल्हाररावांनी सुनेला कोपऱ्यात बसवलं नाही. वसुली, हिशेब, कारभार त्यांच्या हाती दिला. स्वतः मोहिमेवर असताना तोफा आणि दारूगोळ्याच्या व्यवस्थेबद्दलही ते सुनेलाच पत्र लिहीत. त्या कामातूनच अहिल्यादेवी घडल्या.

1766 मध्ये मल्हारराव गेले, 1767 मध्ये मुलगा मालेराव. आता बाई काय करणार, असं अनेकांना वाटलं. राघोबादादा फौज घेऊन चालून आले, तेव्हा त्यांनी लढायची तयारी केली. माधवराव पेशव्यांनी कारभार त्यांच्याकडेच ठेवला. सैन्य तुकोजी होळकरांकडे सोपवून त्यांनी महेश्वरहून राज्य चालवले. तिथे विणकर वसवले. मागाने किती घरं जगतात, हे आपल्या सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको!

मग दुःख संपलं का? नाही. 1791 मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि मुक्ताबाई सती गेल्या. ज्या चितेपासून आई मागे फिरली होती, तिथून लेकीला मात्र ती परत आणू शकली नाही. तरीही 13 ऑगस्ट 1795 रोजी मृत्यू येईपर्यंत त्यांनी कारभार सोडला नाही.

म्हणून हा पाठ शिकवताना त्यांना नुसतं देव्हाऱ्यात बसवू नका. त्या रडल्या, खचल्या आणि पुन्हा कामाला लागल्या, हे मुलांना कळू द्या. आपल्याही वर्गात वडील गेलेलं मूल असतं, शाळेच्या दारात त्याची तरुण आई उभी असते. आपण बिचारी म्हणून हळहळतो आणि बाजूला होतो. तिला दया नको असते. जबाबदारी आणि विश्वास हवा असतो.

जाता जाता वर्गात एक प्रश्न जरूर विचारा : मल्हाररावांनी सुनेला फक्त अडवलं असतं आणि काम दिलं नसतं, तर काय झालं असतं? मुलांना त्यावर आपापल्या शब्दांत दहा ओळी लिहू द्या.