पाव, बाँड आणि जस्टिस होम्स

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे मराठी विभागात लिहिणार म्हटल्यावर रूममेट आधी पोटभर हसली. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, चुका पोटात घाला. विषयही जरा वेगळा आहे. शास्त्रज्ञ नाही, इंजिनिअर नाही, तर एक अमेरिकन न्यायाधीश : ऑलिव्हर वेंडेल होम्स (ज्युनिअर). पण या गोष्टीत पाव आहे आणि प्लेसमेंटचा बाँडही आहे, म्हणून पान उलटू नका!

होम्सचा जन्म ८ मार्च १८४१ चा, बोस्टनमधला. वडील डॉक्टर आणि नावाजलेले कवी. १८६१ मध्ये हार्वर्डची पदवी मिळाली आणि हा पोरगा थेट यादवी युद्धात उत्तरेकडून लढायला गेला. वय वर्षं वीस, म्हणजे माझ्याएवढा. आपण सबमिशनसाठी रात्री जागवतो त्या वयात त्याच्या छातीत गोळी लागली. पुढच्या वर्षी मानेत, १८६३ मध्ये टाचेत. तिन्ही वेळा वाचला, पण बरोबरचे मित्र गेले. आपलंच खरं, असं ठामपणे मानणारी माणसं शेवटी बंदुका उचलतात, ही शंका तिथूनच त्याच्या मनात कायमची बसली, असं चरित्रकार सांगतात.

युद्धानंतर तो कायदा शिकला. १८८१ मध्ये त्याचा ‘द कॉमन लॉ’ हा ग्रंथ आला. मग मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयात वीस वर्षं काढली आणि १९०२ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी होम्स यांना देशाच्या सुप्रीम कोर्टात नेमलं. (आता वय एकसष्ट, म्हणून अहो-जाहो!)

आता पाव. न्यूयॉर्क राज्यात तेव्हा बऱ्याचशा बेकऱ्या तळघरात असत. भट्टीची धग, पिठाची धूळ आणि रात्रपाळी. राज्याने १८९५ मध्ये कायदा केला की बेकरी कामगाराला दिवसाला १० आणि आठवड्याला ६० तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही. युटिका गावच्या जोसेफ लॉकनर या बेकरीमालकाने तो मोडला, ५० डॉलर दंड झाला आणि भांडण सुप्रीम कोर्टात पोचलं.

१७ एप्रिल १९०५ ला निकाल लागला, ५ विरुद्ध ४. मालक जिंकला. बहुमताचं म्हणणं असं की किती तास काम करायचं हे मालक आणि कामगार आपसात ठरवतील. तो त्यांचा कराराचा हक्क आहे, सरकारने मध्ये पडू नये. ऐकायला छान वाटतं ना? पण ज्याच्या घरी चूल पेटायची मारामार, तो मालकाशी काय बोलणी करणार?

होम्स विरोधात गेले. त्यांचं मतपत्र जेमतेम दोन पानांचं. मुद्दा साधा होता : एखादं आर्थिक मत न्यायाधीशाला आवडतं म्हणून ते राज्यघटनेत घुसडता येत नाही. लोकांनी निवडलेल्या विधिमंडळाला कायदा करू द्यावा. गंमत म्हणजे होम्स काही कामगारांचे पुढारी नव्हते. अशा कायद्यांनी फार काही बदलेल यावर त्यांचा स्वतःचा विश्वास नव्हता. तरीही ते या बाजूने उभे राहिले. बालमजुरीवरच्या १९१८ च्या खटल्यात आणि स्त्रियांच्या किमान वेतनावरच्या १९२३ च्या खटल्यातही ते असेच अल्पमतात होते.

पण त्यांना देव करू नका. व्हर्जिनिया राज्याने कॅरी बक या तरुणीला मंदबुद्धी ठरवून तिची सक्तीने नसबंदी करायचं ठरवलं. १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलं आणि तो निकाल लिहिला होम्स यांनीच. ती मंदबुद्धी नव्हती, हे अभ्यासकांनी पुढे दाखवून दिलं. विधिमंडळ म्हणतं ते चालू द्या, ही सवय बेकरी कामगाराच्या कामी आली असती, तिने या मुलीचा मात्र घात केला. हे वाचल्यावर मी दोन दिवस पुढे लिहूच शकले नाही.

१९३२ मध्ये, नव्वदीत, ते निवृत्त झाले. ६ मार्च १९३५ ला, चौऱ्याण्णवाव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी, वारले. आणि १९३७ मध्ये एल्सी पॅरिश या हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्या बाईच्या खटल्यात कोर्टाने किमान वेतनाचा कायदा उचलून धरला. १९२३ चा निकाल रद्द झाला, लॉकनरचं युगही संपलं. अल्पमतातला म्हातारा जिंकला, पण बघायला नव्हता.

आता बाँड. मागच्या वर्षी एका सीनिअरने प्लेसमेंटनंतर दोन वर्षांचा बाँड सही केला. सोडलं तर पैसे भरायचे. सही त्याचीच, जबरदस्ती कोणी केली नाही. पण घरी एज्युकेशन लोन होतं आणि हातात दुसरी ऑफर नव्हती. ही सही किती मोकळी होती? मला अजून नक्की उत्तर सापडलेलं नाही. पण पुढच्या वर्षी माझी पाळी आली की पेन उचलण्याआधी बाँडचं प्रत्येक पान वाचणार आहे. तुम्हीही वाचा!