राक्षस नसलेली गोष्ट

लहानपणी आजीच्या गोष्टीत राक्षस हवाच, असा माझा हट्ट असे. राक्षसच नसेल तर गोष्ट पुढे सरकणार कशी? याचे उत्तर मला कॉलेजात गेल्यावर हरि नारायण आपट्यांनी दिले.

हरिभाऊंचा जन्म १८६४ सालचा, खानदेशातल्या पारोळ्याचा. पदवी काही त्यांच्या पदरात पडली नाही, पण वाचन अफाट. चुलत्यांनी स्थापन केलेल्या पुण्याच्या आनंदाश्रमाचा कारभार सांभाळत त्यांनी लेखन केले. त्यांच्या आधीच्या मराठी कादंबऱ्यांत राजपुत्र, अद्भुत योगायोग आणि शेवटी सगळे गोड, असा थाट असे. एकवीस वर्षांच्या हरिभाऊंची ‘मधली स्थिती’ १८८५ मध्ये आली आणि कादंबरी राजवाड्यातून उठून पुण्याच्या वाड्यांत शिरली.

१८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले. ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यातूनच हप्त्याहप्त्याने आली. यमुना नावाची मुलगी आपली कहाणी आपणच सांगते. माहेर, सासर, मुंबईतला सुखाचा छोटा संसार, मग वैधव्य आणि सक्तीचे केशवपन. इथे भांडण आहे ते माणूस आणि रूढी यांचे. घरात दुष्ट माणसे आहेतच, पण त्यांना बळ येते ते रूढीमुळे. यमुना जराशी बोथट मनाची असती, तर तिने मुकाट्याने सोसले असते आणि गोष्टच झाली नसती. ती विचार करते, वाचायला शिकते, म्हणून प्रत्येक घटना तिला बोचते. स्वभावातून कथानक कसे उगवते, ते मला इथे कळले.

हरिभाऊ १९१९ मध्ये गेले. ‘उषःकाल’सारख्या ऐतिहासिक कादंबऱ्याही त्यांच्याच, पण माझ्या मनात राहिली ती यमुना.

एका सुटीत मी ती कादंबरी आजीला वाचून दाखवली. केशवपनाच्या प्रकरणाशी आजीने मला थांबवले. बऱ्याच वेळाने तिने तिच्या आत्याबद्दल सांगितले. आलवण नेसून ती जन्मभर माजघराच्या कोपऱ्यात बसत असे. घरात सगळी माणसे चांगली होती, हे आजी दोनदा म्हणाली.

तोवर त्या आत्याचे नावही मी कधी विचारले नव्हते.