पंडिता रमाबाई आणि प्लेगच्या दवाखान्यातील ती मुलगी

आमच्या चळवळीत रमाबाई म्हटले की माता रमाई डोळ्यांसमोर येतात. पांढरपेशा वाचकाला रमाबाई रानडे आठवतात. तिसऱ्या रमाबाई मात्र कोणाच्याच राहिल्या नाहीत. ब्राह्मणांनी त्यांना धर्मांतर केले म्हणून टाकले आणि आम्ही त्या ब्राह्मण घरात जन्मल्या म्हणून त्यांच्याकडे पाहिले नाही. अपवाद एकच, महात्मा जोतीराव फुले. १८८५ साली 'सत्सार'मधून त्यांनी रमाबाईंच्या धर्मांतराची उघड बाजू घेतली. जोतीरावांना जे दिसले ते आम्हाला का दिसू नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

२३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या जंगलात रमाबाईंचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला. पुराणे सांगत तीर्थक्षेत्रे फिरणारे हे कुटुंब दुष्काळात सापडले आणि १८७४ च्या सुमारास आईवडील उपासमारीने गेले, मागोमाग बहीणही गेली. उरलेली दोन भावंडे चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तेथील पंडितांनी या मुलीला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पण पदवी देणाऱ्यांच्या व्यवस्थेत ती मावली नाही. १८८० मध्ये तिने बिपिनबिहारी मेधावी या शूद्र गणल्या गेलेल्या जातीतील वकिलाशी १८७२ च्या कायद्याने नोंदणी विवाह केला. दोन वर्षांतच पती कॉलऱ्याने गेले. कडेवर मनोरमा नावाची मुलगी आणि वय तेवीस!

पुढे पुण्यात आर्य महिला समाज, हंटर आयोगापुढे साक्ष, इंग्लंडला प्रयाण, १८८३ मध्ये ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, अमेरिकेत १८८७ साली गाजलेले पुस्तक हा इतिहास शाळेतही थोडाफार सांगतात. अमेरिकेतील मदत घेऊन त्या परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत गिरगाव चौपाटीजवळ त्यांनी शारदा सदन सुरू केले. आरंभीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. याच गोदूबाईंशी पुढे धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्यात स्त्रिया प्रतिनिधी म्हणून बसल्या आणि रमाबाई त्यांत होत्या.

येथे आम्हाला एक गोष्ट स्पष्ट नोंदवायची आहे. शारदा सदन हे उच्चवर्णीय विधवांसाठी होते. तेथे सोवळे-ओवळे पाळण्याची मुभा होती आणि रमाबाईंच्या पुस्तकाचे नावही उच्चवर्णीय हिंदू स्त्रीबद्दलच होते. महार-मांगांच्या लेकींचा त्यात विचार नव्हता. एवढी सवलत देऊनही पुण्याच्या सुधारकांचे समाधान झाले नाही. सदन पुण्याला हलले. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात असे कळताच, १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि पालकांनी मुली नेल्या.

मग आले १८९६-९७ साल. एकाच वेळी दुष्काळ आणि प्लेग. मुंबईत प्लेगच्या सक्तीविरुद्ध ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यातील विणकरांच्या वस्तीतून आजारी मुलीला उचलून नेण्यावरून दंगल पेटली, गोळीबार झाला. पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरांत शिरत होते. वस्ती लष्कराच्या ताब्यात गेली की पहिली झळ बाईला लागते. तपासणी, छावणी, दवाखाना, प्रत्येक ठिकाणी ती परक्या पुरुषाच्या हाती.

रमाबाईंच्या आश्रमातील एक तरुण मुलगी अशीच दवाखान्यात नेली गेली आणि परत आली नाही. तेथील एका रखवालदाराने तिला ठेवून घेतल्याचे रमाबाईंच्या कानी आले. मे १८९७ मध्ये त्यांनी मुंबईच्या 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून हा प्रकार चव्हाट्यावर मांडला. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. गव्हर्नर सँडहर्स्टने आरोप झटकले. त्याच सुमारास गोपाळ कृष्ण गोखले यांनी इंग्लंडमध्ये सोल्जरांच्या अत्याचाराबद्दल विधान केले होते. पुराव्याला कोणी पुढे येईना, तेव्हा परतल्यावर त्यांनी सरकारची माफी मागितली. रमाबाई मात्र आपल्या शब्दावरून हटल्या नाहीत.

कोर्टात उभे राहणाऱ्या आम्हा वकिलांना यात नवल वाटत नाही. अत्याचारित बाईचे चारित्र्य उलटतपासणीत काढण्याची मुभा देणारे कलम १५५(४) आपल्या पुरावा कायद्यातून २००३ साली गेले. म्हणजे त्या पत्रानंतर शंभरहून अधिक वर्षांनी! आणि खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी व दोन मुलगे मारले गेले, त्या खटल्यात ना ॲट्रॉसिटी कायदा टिकला ना विनयभंगाचे कलम. सोल्जर आणि रखवालदार बदलले, पण बाई खोटे बोलते हे गृहीत धरणे सुटले नाही.

पत्र लिहून रमाबाई थांबल्या असत्या तर आम्ही हा लेख लिहिला नसता. त्या मध्य प्रांतातील दुष्काळी भागात स्वतः गेल्या. अन्नासाठी सरकारी पुअर हाऊसमध्ये आलेल्या मुलींना तेथील माणसेच नासवत होती आणि कुंटणखान्यांचे दलाल भुकेल्या मुली हेरून नेत होते. आईबाप जाऊन रस्त्यावर चालण्याचे दिवस रमाबाईंनी स्वतः भोगलेले होते. त्यांनी सुमारे तीनशे मुली आणल्या. प्लेगच्या निर्बंधामुळे पुण्यात त्यांना ठेवण्यास मनाई झाली, म्हणून केडगावच्या माळरानावर नेऊन सुरुवातीला तंबूंत ठेवले. मुक्ती सदन असे उभे राहिले. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातकडून मुलींचे लोंढे आले आणि संख्या दोन हजारांच्या घरात पोहोचली.

शारदा सदनात जे झाले नाही ते येथे झाले. दुष्काळाने आणलेल्या मुली सगळ्या जातींच्या होत्या, त्यांत खालच्या मानलेल्या जातींच्या कितीतरी. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रियांसाठी 'कृपा सदन' वेगळे काढले. विणकाम, दुग्धालय, तेलघाणा, शेती, छापखाना ही सगळी कामे बायकाच करीत. आंधळ्या मुलींना मनोरमाने ब्रेल शिकवली. मदतीबरोबर ख्रिस्ती धर्म येत होता हे खरे, आणि बौद्ध म्हणून आम्हाला आमचा मार्ग वेगळा आहे. परंतु ज्या धर्माने या मुलींना रस्त्यावर सोडले, त्याच्या ठेकेदारांनी याबद्दल जाब विचारावा, हा विनोदच.

आज महाराष्ट्रात २०१३ पासून पीडितांसाठी मनोधैर्य योजना आहे, ॲट्रॉसिटीच्या नियमांत अर्थसाहाय्य व पुनर्वसन आहे. धनादेशाच्या पुढचे काय, म्हणजे राहायचे कुठे, कामाला जायचे कुठे, त्याच गावात तोंड दाखवायचे कसे, या प्रश्नांना केडगावने छप्पर आणि हाताला काम देऊन उत्तर दिले होते. आमच्या किती संघटनांकडे अशी एक खोली आहे? भीमजयंतीच्या मंडपाच्या खर्चात ती दादर-परळला नाही, तरी तालुक्याला होऊ शकते.

मनोरमा १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. बायबलचे सोप्या मराठीतील भाषांतर पुरे करून रमाबाईंनी ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे देह ठेवला. ते भाषांतर १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले.