एडवर्ड सैदी टिंगाटिंगा

एडवर्ड सैदी टिंगाटिंगा (१९३२ – १९७२) हे पूर्व आफ्रिकेतील टांझानिया देशाचे स्वयंशिक्षित चित्रकार होते. त्यांची चित्रकलेची कारकीर्द जेमतेम चार वर्षांची होती. तथापि त्यांची चित्रपद्धती त्यांच्याच नावाने 'टिंगाटिंगा शैली' म्हणून ओळखली जाते.

प्रारंभिक जीवन

टिंगाटिंगा यांचा जन्म दक्षिण टांझानियातील टुंडुरू भागात झाला. उपजीविकेसाठी गाव सोडून त्यांनी प्रथम टांगा परिसरातील घायपाताच्या मळ्यांवर मजुरी केली. नंतर ते दार-एस-सलाम शहरात आले व एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या घरी घरकाम आणि बागकाम करू लागले. १९६१ मध्ये देश स्वतंत्र झाल्यानंतर त्यांनी मिळतील ती कामे करून चरितार्थ चालवला.

चित्रकला

१९६८ च्या सुमारास त्यांनी चित्रे काढण्यास सुरुवात केली. त्यांनी कोणत्याही कलाशाळेत शिक्षण घेतले नव्हते. कॅनव्हासऐवजी ते हार्डबोर्डचे सुमारे दोन फुटी चौरस तुकडे आणि सायकली रंगवण्याचे चकचकीत एनॅमल रंग वापरत. सपाट पार्श्वभूमीवर ठळक बाह्यरेषेने रेखाटलेला एखादा हत्ती, बिबट्या किंवा पक्षी, हे त्यांच्या चित्रांचे वैशिष्ट्य होय. ही चित्रे शहरातील ऑयस्टर बे भागात, मोरोगोरो स्टोअर्स या दुकानाबाहेर विकली जात. तेथील परदेशी रहिवासी त्यांचे प्रमुख ग्राहक होते.

प्रेरणा

त्यांच्या प्रेरणेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींच्या मते तिचे मूळ मकुआ समाजातील घरांच्या भिंतींवरील चित्रांत आहे, तर काही जण त्या काळी शहरात विक्रीस येणाऱ्या काँगोतील चित्रांचा प्रभाव मानतात.

मृत्यू आणि वारसा

मागणी वाढल्यावर टिंगाटिंगा यांनी आपल्या नात्यातील व परिचयातील तरुणांना हाताशी घेतले. जवळ बसून, पाहून आणि रंगवून हे तरुण शिकले. १९७२ मध्ये पोलिसांनी त्यांना पळणारा गुन्हेगार समजून चुकून गोळी झाडली व त्यात त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे ४० वर्षे होते. शिष्यांनी मात्र काम थांबवले नाही. १९९० मध्ये त्यांच्या परंपरेतील चित्रकारांची सहकारी संस्था स्थापन झाली. पुढील पिढ्यांनी एकाच प्राण्याच्या जागी गजबजलेली गावे, बाजार व प्राण्यांचे कळप रंगवून शैलीचा विस्तार केला. आज ही चित्रे टांझानियाची सांस्कृतिक ओळख मानली जातात.