उपदेशाने वळणारा माणूस : अनंत फंदी

माणूस मुळातच दुष्ट आहे असे मानणारी राजकीय विचारधारा धाकावर उभी राहते. तो मुळातच निर्दोष आहे असे मानणारी केवळ व्यवस्था बदलण्यात सर्व उपाय शोधते. या दोहोंहून वेगळी दृष्टी संगमनेरच्या एका शाहिराच्या चरित्रात आढळते.

अनंत घोलप यांचा जन्म १७४४ साली झाला. मलिक फंदी नावाच्या फकिराशी त्यांचा स्नेह होता. त्यावरूनच या ब्राह्मण शाहिराला फंदी हे नाव पडले, असे परंपरा सांगते. लावण्या रचून त्यांनी तमाशाचे फड गाजवले. पुढे अहिल्याबाई होळकरांनी त्यांना तो मार्ग सोडून कीर्तनाकडे वळण्याचा उपदेश केला, अशी आख्यायिका आहे. दंड करण्याचा अधिकार हाती असलेल्या राज्यकर्तीने समजावणीचा मार्ग धरला आणि फंदी वळले. त्यांचे उपदेशपर फटके लोकांच्या तोंडी बसले. सवाई माधवरावांच्या अकाली मृत्यूवर त्यांनी ‘माधवनिधन’ रचले. १८१८ साली पेशवाई बुडालेली त्यांनी पाहिली. १८१९ साली ते निवर्तले.

चुकणारा, पण सुधारू शकणारा माणूस हाच त्यांच्या फटक्यांचा श्रोता आहे. इस्लामही माणसाच्या निर्मळ फितरतीबरोबरच त्याला वाईटाकडे ओढणाऱ्या नफ्सची जाणीव करून देतो. म्हणून सत्तेला कायद्याचा लगाम हवा आणि माणसाला नसीहत व तौबा यांची वाट मोकळी हवी. यांपैकी एकावरच विसंबणारी राज्यव्यवस्था माणसाला अर्धाच ओळखते.