हिदेत्सुगु यागी: ज्यांचा शोध त्यांच्याच देशाला शत्रूच्या वहीत सापडला

गावी गेल्यावर फोनला रेंज येत नाही म्हणून तुम्ही कधी ऑनलाइन अँटेना शोधला असेल, तर एक शब्द नक्की दिसला असेल: यागी. एका लांब दांडीवर आडव्या बसवलेल्या कांड्या, अगदी माशाच्या काट्यासारखा. आपल्या आई-बाबांच्या पिढीने असाच अँटेना गच्चीवर चढून दूरदर्शनसाठी फिरवलेला आहे. मला बरीच वर्षं यागी हा एखादा ब्रँड वाटायचा. पण यागी हे एका जपानी प्राध्यापकाचं आडनाव आहे. आणि त्यांची गोष्ट समजली की अँटेना आणि बूस्टर निवडतानाचा अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

ओसाका ते सेंदाई

हिदेत्सुगु यागी यांचा जन्म १८८६ साली ओसाकात झाला. १९०९ मध्ये टोकियोच्या विद्यापीठातून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग केल्यावर ते पुढच्या अभ्यासाला जर्मनी, इंग्लंड आणि अमेरिकेत गेले. रेडिओ तेव्हा नवीन होता. परत आल्यावर उत्तर जपानमधल्या सेंदाई शहरात, तोहोकू विद्यापीठात ते प्राध्यापक झाले.

तेव्हा सगळं जग लांब लहरींच्या मागे होतं, कारण त्या दूर जायच्या. यागींना मात्र आखूड लहरींमध्ये रस होता. त्यांच्याकडे शिन्तारो उदा नावाचे तरुण सहकारी होते (हो, आडनावच उदा आहे). प्रयोगांत लक्षात आलं की चालू अँटेनाजवळ नुसती धातूची कांडी उभी केली, तिला कुठलीही वायर जोडली नाही, तरी लहरींची दिशा बदलते. कांडी थोडी लांब असेल तर ती आरशासारखी लहरी मागे परतवते. थोडी आखूड असेल तर लहरींना आपल्या बाजूला ओढून पुढे पाठवते.

यागी अँटेना म्हणजे एवढंच! मागे एक लांब कांडी, मग वायर जोडलेली एक कांडी आणि पुढे आखूड कांड्यांची रांग. कांडीची लांबी लहरीच्या साधारण निम्मी. म्हणजे ९०० मेगाहर्ट्झला सुमारे १६ सेंटीमीटर आणि १८०० ला त्याच्या निम्मी. दूरदर्शनचा अँटेना मोठा आणि मोबाइलचा लहान का, याचं उत्तर इथेच आहे.

नाव एकाचं, मेहनत दोघांची

बहुतेक प्रयोग आणि मोजमापं उदांनी केली होती. १९२६ पासून त्यांचे लेख येऊ लागले, पण जपानी भाषेत. जपानमधलं पेटंट मात्र एकट्या यागींच्या नावावर झालं. १९२८ मध्ये यागींनी अमेरिकेत इंग्रजीतून पेपर छापला. त्यात त्यांनी उदांच्या कामाचा उल्लेख केला होता, तरी जगाने लक्षात ठेवलं ते पेपर लिहिणाऱ्याचं नाव. कंपनीत कोड एकाने लिहायचा आणि प्रेझेंटेशन दुसऱ्याने द्यायचं, हा प्रकार तेव्हाही होताच. पुढे यागी-उदा असं जोडनाव रूढ झालं खरं, पण बाजारात आजही ऐकू येतं ते फक्त यागी.

सिंगापूरची वही

परदेशात या अँटेनाचा अभ्यास सुरू झाला, पण जपानी लष्कराने त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानने सिंगापूर जिंकलं. तिथे ब्रिटिशांच्या रडारसोबत एका सैनिकाच्या हस्तलिखित नोंदी मिळाल्या. त्यात यागी हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. जपानी तंत्रज्ञांना त्याचा अर्थच लागेना. शेवटी त्यांनी एका युद्धकैद्याला विचारलं. त्याने चकित होऊन सांगितलं, की हे तर तुमच्याच देशातल्या संशोधकाचं नाव आहे.

याहून कडू गोष्ट पुढे आहे. १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर पडलेल्या अणुबॉम्बमध्ये जमिनीपासूनची उंची मोजणारं रडार होतं, आणि त्यालाही यागी अँटेनाच लावले होते.

यागींचं आयुष्य अँटेनापुरतं नव्हतं. ओसाका विद्यापीठात असताना पेपर छापत नाही म्हणून त्यांनी एका तरुण सहकाऱ्याला चांगलंच खडसावलं होतं. ते हिदेकी युकावा, १९४९ साली नोबेल मिळवणारे पहिले जपानी. युद्धानंतर यागी खासदारही झाले. १९७६ मध्ये त्यांचं निधन झालं आणि त्याच वर्षी उदाही गेले.

मग आपण काय घ्यायचं?

यागींच्या कामातला मुद्दा साधा आहे: अँटेना सिग्नल तयार करत नाही, तो दिशा निवडतो. इतर बाजूंचं ऐकणं कमी करून एका बाजूचं जास्त ऐकतो. म्हणून:

१. टॉवर कुठल्या बाजूला आहे हे माहीत असेल, तरच यागी घ्या. डोंगराआड, सगळीकडून थोडं थोडं येत असेल तर सर्व दिशांचा अँटेना बरा.

२. आपल्या सिमचा बँड आणि अँटेनाचा बँड जुळला पाहिजे. कांडीची लांबी आठवा.

३. जाहिरातीतल्या डेसिबलला भुलू नका. ३ डेसिबल म्हणजे दुप्पट, १० म्हणजे दहापट. फोनच्या सेटिंगमध्ये सिग्नल उणे आकड्यात दिसतो. उणे ८५ चांगला, उणे ११५ म्हणजे रडतखडत.

४. बूस्टर वेगळा. तो आलेला सिग्नल वीज वापरून वाढवतो, पण सोबत गोंगाटही वाढवतो. शिवाय भारतात मोबाइल बूस्टर स्वतःच्या मर्जीने बसवता येत नाही, तो बेकायदा आहे. त्याने आजूबाजूच्या सगळ्यांचं नेटवर्क बिघडू शकतं. गरज असेल तर आपल्या कंपनीकडेच तक्रार करा.

५. घरात ब्रॉडबँड असेल तर आधी वाय-फाय कॉलिंग चालू करून बघा. नसेल तर बाहेरचा अँटेना जोडता येणारा ४जी राउटर घ्या आणि यागी त्याला लावा.

आणि गच्चीवर अँटेना फिरवताना खालून कुणी आला, आला असं ओरडलं, तर यागींसोबत उदांचीही आठवण काढा.