पोरखेळाचे मोल

पाठ्यपुस्तकाबाहेरचे गणित म्हणजे वेळेचा अपव्यय, अशी समजूत आपल्या शाळांतून अद्यापि रूढ आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचे चरित्र तिला छेद देते.

कापरेकरांचा जन्म १९०५ साली डहाणूचा. आठव्या वर्षीच त्यांचे मातृछत्र हरपले. वडील व्यवसायाने कारकून, परंतु फलज्योतिषाचे व्यासंगी. त्या आकडेमोडीतून मुलास अंकांची गोडी लागली आणि ठाण्याच्या शाळेत असताना तो तासन् तास गणिती कोडी सोडविण्यात रमू लागला.

हा छंद त्यांनी आयुष्यभर जोपासला. १९३० ते १९६२ ते देवळालीस शिक्षक होते. पदव्युत्तर शिक्षण नसलेल्या या शिक्षकाचे संशोधन देशातील अनेक गणितज्ञांनी क्षुल्लक लेखले. तरीही १९४९ साली त्यांनी ६१७४ या संख्येचा विलक्षण गुणधर्म मांडला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करावी. उत्तरावर, शून्यासह चार अंक राखून, हीच क्रिया पुनःपुन्हा करावी. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ हीच संख्या हाती येते.

१९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकन नियतकालिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांची कीर्ती सर्वदूर पोचली. १९८६ साली ते निवर्तले. वहीच्या मागील पानावर कोडी मांडणाऱ्या मुलास दटावण्यापूर्वी शिक्षकांनी आणि पालकांनी त्यांचे स्मरण करावे, हे उचित.